बायकांची रेघ कुठं आहे

रजिया आपावर अन्याय झाला. उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता, आमच्या शहरातल्या एका खासगी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीतून तिला गॅसची गोळी देऊन घरी पाठवलं. बुधवारी दुपारी, जोहरच्या अजानच्या आधी, ती गेली. वय सेहेचाळीस. छावणीच्या बाजारामागच्या गल्लीत ती शाळेचे गणवेश शिवायची. मशीनवर निळ्या स्कर्टांचा गठ्ठा होता, वरच्या स्कर्टाच्या चुण्या अर्ध्याच घातलेल्या.

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की लोक म्हणतात, बरं झालं कळलं, आपण दुसऱ्या दवाखान्यात जाऊ. दुसऱ्या दवाखान्यातही बहुधा रिपोर्टवरची रेघ तीच असेल.

त्या मंगळवारनंतर सहा आठवड्यांनी त्याच कॅज्युअल्टीत, त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत मी बसले होते. मी वाचले. कशी वाचले ते लिहिते आहे, आणि रजिया आपाच्या मरणात कुणाकुणाचा हात होता तेही. त्या यादीत माझंही नाव आहे.

वाण

मी शीतल. वय एकतीस. चिकलठाण्याच्या कारखान्यांत ठेक्यावर काम करणाऱ्या बायकांच्या संघटनेत आठ वर्षं काम करते, म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहिते. एका कंपनीत संडासला जायचं तर बायकांना सुपरवायझरकडून टोकन घ्यावं लागायचं. ते माझ्या पत्रकानं बंद झालं, असं मी सगळीकडं सांगत फिरायचे. पत्रकानं सगळं होतं असं मला वाटायचं.

संक्रांतीला आमच्याकडं वाण लुटतात. दरवर्षी तेच. चहाची गाळणी, प्लास्टिकचा डबा, स्टीलची वाटी. या वर्षी मी बैठकीत म्हटलं, वाण म्हणून रक्ततपासणी देऊ. शुगर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल, सगळं. एका लॅबशी बोलणी करून दर कमी करून घेतला. हॉलच्या एका बाजूला हळदीकुंकू, दुसऱ्या बाजूला तिळगूळ आणि सुई. कंपनीतल्या बायका आल्या, छावणीतल्या आल्या. रजिया आपाच्या गल्लीतल्या बायका तिळगूळ घ्यायला आल्या आणि बाही वर करून बसल्या. शिबिराचा कापडी फलक तिनंच शिवला होता.

चार दिवसांनी रिपोर्ट आले. सगळे इंग्रजीत. बायका म्हणाल्या, "ताई, आम्हाला काय कळतंय, तूच सांग." मग मी आमच्या घराच्या ओट्यावर बसले, एका हातात हिरवा पेन, दुसऱ्यात लाल. आकडा छापील मर्यादेच्या आत असला की हिरवी खूण. बाहेर असला की लाल गोल. मी डॉक्टर नाही, लॅबवालीही नाही. पण दोन रेघांच्या आत-बाहेर बघायला काय लागतं, असं मला वाटलं. एका दुपारीत सगळे कागद उरकले.

रजिया आपाच्या कागदावर वरपासून खालपर्यंत हिरवं.

"ताई, सब हरा?"

"सगळं हिरवं, आपा. पास झाल्या तुम्ही."

ती हसली. शाळेत चौथीच्या पुढं गेली नव्हती. घरी जाऊन लेकीला म्हणाली, "जिंदगी में पहली बार पास हुई बेटा. लॅमिनेशन कर दे." लेक शाहीन चोवीस वर्षांची, उर्दू शाळेत शिकवते. तिनं बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून तो कागद प्लास्टिकमध्ये घालून आणला. आमच्याकडं जे जपायचं ते लॅमिनेट करतात. जातीचा दाखला, आधार कार्ड, मार्कशीट. रजिया आपानं माझी हिरवी खूण लॅमिनेट केली.

आणि रिपोर्टच्या फाईलमध्ये मी एक पत्रकही टाकलं होतं, हार्ट अटॅक कसा ओळखावा. त्यावर छाती धरून वाकलेल्या पुरुषाचं चित्र. खाली लिहिलं होतं, डाव्या छातीत कळ, डाव्या हातात कळ, दरदरून घाम. बस, एवढंच. चित्र पुरुषाचं आहे हे मला छापताना दिसलंही नाही.

मार्चपासून रजिया आपाला दम लागायचा. जिना चढून आली की वरच्या पायरीवर बसायची. नवरा म्हणायचा, "डॉक्टर कु दिखा." ती म्हणायची, "कायकू? मेरा रिपोर्ट नॉर्मल है," आणि लॅमिनेशन दाखवायची. मंगळवारी जबडा आणि पाठ दुखायला लागली, उलटीसारखं झालं, तेव्हा शाहीन तिला कॅज्युअल्टीत घेऊन गेली. सोबत ते लॅमिनेशन. डॉक्टरनं ते बघितलं, ईसीजी काढला, रक्त एकदा तपासलं आणि म्हणाला, सगळं नॉर्मल आहे.

जबडा

मी शाहीनकडं गेले ते दवाखान्याविरुद्ध पत्रक लिहायला. आपा जाऊन सहा आठवडे झाले होते, गुरुवार होता. हातात वही, डोक्यात मथळा तयार. त्या दिवशी सकाळपासून माझी पाठ भरून आली होती आणि खालचा जबडा दुखत होता. मला वाटलं अक्कलदाढ. आदल्या आठवडाभर इतका थकवा होता की केस विंचरायला हात वर जाईना. आई म्हणत होती, "उपाशी हिंडती, चहावर जगती. पित्त हाय ते." मलाही तेच पटलं. माझ्या पत्रकात जबडा नव्हता.

शाहीन सांगत होती आणि मी लिहीत होते. मध्येच मी वही खाली ठेवली, मोरीत जाऊन उलटी केली. परत आले तर ती माझ्याकडं बघत उभी.

"क्या हुआ ताई?"

"काही नाही. पित्त. दाढ पण दुखतेय."

"दाढ के जबड़ा?"

"जबडा."

तिचा चेहरा उतरला. "अम्मी कु बी जबड़ाच दुखरा था." तिनं बुरखा घेतला, माझी चप्पल माझ्या पायांपुढं सरकवली. "चलो. अब्बी चलो."

रिक्षातून मी माझ्या दादाला फोन लावला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, गाड्यांचे स्पेअर पार्ट विकतो. तो आईला गाडीवर बसवून आमच्या मागोमाग पोहोचला.

ड्युटीवरचा डॉक्टर माझ्याच वयाचा. तोच, ज्यानं रजिया आपाला बघितलं होतं. राक्षस वगैरे नव्हता. कालपासूनची ड्युटी त्याच्या डोळ्यांत दिसत होती. ईसीजी काढला, रक्त घेतलं. तासाभरानं कागद घेऊन आला.

"ट्रोपोनिन मर्यादेत आहे. ईसीजीत खास काही नाही. टेन्शन घेता का? लग्न झालंय?"

"लग्नाचा काय संबंध?"

दादा मध्ये पडला. "डॉक्टर, ती तशीच बोलती. आमी घेऊन जातो." मग मला, "चल, ऊठ. गाडी नो पार्किंगला लावलीय." त्याच्या आवाजात सुटका होती. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "म्हणलं नव्हतं का मी, पित्तच हाय."

मी खुर्चीचा हात धरून उठायला लागले आणि शाहीननं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं.

"नक्को उठो."

दादा म्हणाला, "ओ ताई, आमचं आमी बघतो."

"भाई, मेरी अम्मी इसीच खुर्सी से उठके गई थी. डॉक्टर साब कु पूछो, याद है क्या." डॉक्टरनं मान खाली घातली. त्याला आठवत होतं. "दूसरी बार खून लेव. तीन घंटे बाद. तब तक ये नै उठती." हे तिला कुणी शिकवलं होतं? आई गेल्यावर सहा आठवडे ती मोबाइलवर तेवढंच वाचत होती.

दादा पार्किंगकडं गेला, परत आला, पुन्हा गेला. मी तीन तास त्या खुर्चीत बसून राहिले. आयुष्यात मी कंपन्यांच्या फाटकांवर बारा-बारा तास ठिय्या दिलाय. हा माझा सगळ्यात मोठा ठिय्या, आणि तो दुसऱ्याच कुणी माझ्याकडून करून घेतला.

दुसऱ्या रक्ताचा आकडा पहिल्याच्या दुप्पट आला. तरीही कागदावरच्या छापील मर्यादेच्या आतच. डॉक्टर म्हणाला, "तसं हेही नॉर्मलच आहे." एवढ्यात दुपारच्या राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी तो कागद त्याच्या हातातून घेतला. एकदा आकडे बघितले, एकदा मला.

"ही मर्यादा कुणाची आहे?"

"लॅबची, मॅम."

"लॅबची ते दिसतंय. बायकांची आहे का?"

तो पुन्हा कागदात बघायला लागला. मला त्यांनी आत घेतलं.

जे मला नंतर समजलं

मला डॉक्टरी येत नाही. मॅडमनी मला जसं सांगितलं तसं सांगते.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो. बायकांच्या रक्तात तो मुळातच कमी असतो. त्यामुळं पुरुषाच्या बाबतीत जो आकडा चिंता करण्यासारखा नाही, तोच बाईच्या बाबतीत धोक्याचा असू शकतो. मॅडम म्हणाल्या, यंत्र बनवणारे सोबत जो कागद देतात त्यात बायकांची रेघ वेगळी, पुरुषांची वेगळी असते. आमच्या लॅबनं दोघांची मिळून एकच छापली होती. शिवाय आकडा वाढतोय का हे बघायला दुसरं रक्त घ्यावंच लागतं.

चांगल्या कोलेस्टेरॉलचं, म्हणजे रिपोर्टवरच्या एचडीएलचं, उलटं. ते जास्त असलेलं बरं, आणि पुरुषाला जेवढं पुरतं तेवढं बाईला पुरत नाही. शिबिराच्या रिपोर्टवर त्याचीही एकच रेघ होती, पुरुषांची. रजिया आपाचा आकडा त्या रेघेच्या जरासा वर होता आणि बायकांच्या रेघेच्या बराच खाली. तिथं मी हिरवी खूण केली.

आणि आता ऐका. त्याच कागदावर, सगळ्यात वर, हिमोग्लोबिन आहे. त्याला दोन ओळी आहेत. पुरुष इतकं ते इतकं, स्त्री इतकं ते इतकं. म्हणजे लॅबवाल्यांना बाई माहीत होती. बाईत रक्त किती हे मोजताना ती आठवली. ती मरतेय का हे मोजताना विसरले.

आठ खाटा

अँजिओग्राफीत एक नळी जवळजवळ बंद निघाली. त्याच संध्याकाळी स्टेंट टाकला. मनगटातून तार आत जाताना मी जागी होते. छताला पंखा नव्हता, पांढरा उजेड होता, आणि मला एवढंच वाटत होतं की माझी वही शाहीनच्या मोरीजवळ राहिलीय.

आयसीयूत आठ खाटा. मी सोडून सगळे पुरुष. सकाळी सहाला रक्त, मग अंग पुसणं, मग राउंड, मग अळणी उपमा. शेजारच्या खाटेवर पैठणचे एक काका होते. पडदा बाजूला करून त्यांनी विचारलं, "पोरी, तू इथं कशी? तंबाखू खाती का?"

"नाय काका. पत्रकं लिहिते."

"मग तेच झालं."

हसले तर छातीवर चिकटवलेल्या तारा ओढल्या जायच्या. काका दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. पडदा ओढून घेतला आणि अर्ध्या तासात खाटेवर नवी चादर आली. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. माझ्या खाटेवरही अर्ध्या तासात चादर बदलेल. डोक्यावरचं यंत्र टिकटिक करायचं आणि मी ती मोजत पडायचे. झोप लागली तर मोजणार कोण, म्हणून झोपायचे नाही.

बिडकीनची एक सिस्टर होती. तिसऱ्या दिवशी ती अंग पुसायला आली आणि माझ्या केसांचा गुंता बघून थांबली. काही न बोलता स्वतःच्या पर्समधून कंगवा आणला, थोडं तेल लावलं आणि घट्ट वेणी घातली. "माझी बहीण तुझ्यायेवढीच हाय," एवढंच म्हणाली. दहा दिवसांत मी एकदाच रडले, ते त्या वेणीला.

माझं हृदय आता पूर्वीएवढं रक्त फेकत नाही. जो भाग मेला तो मेला. मॅडम म्हणाल्या, आठवडाभर आधी आली असतीस तर एवढं झालं नसतं. घोषणा देताना माझा आवाज वरच्या पट्टीत जायचा, तो आता पहिल्या ओळीत संपतो. दोन जिने चढले की मीही पायरीवर बसते, रजिया आपासारखी.

घर

दादानं महिनाभर माझ्याकडं सरळ बघितलं नाही. औषधं आणायचा, टेबलावर ठेवायचा, जायचा. एके दिवशी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन उभाच राहिला.

"मी तुला घेऊन चाललो होतो," म्हणाला.

"मी पण निघाले होते की."

"नो पार्किंगसाठी, शीतल." आणि बाहेर निघून गेला.

आई नातेवाइकांना सांगते की माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मी विचारलं, का? म्हणाली, "काळजाचं दुखणं हाय म्हणलं की पोरीला कोण करील? एक तर तू ही असली." मी भांडले. भांडताना दम लागला, तशी तिनं माझ्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला आणि स्वतः रडायला बसली. आई, हे छापून आलं की तुझं खोटं उघडं पडेल. माझा इलाज नाही. पुरुषाला अटॅक आला की घरचे सांगत सुटतात, कामाचा लई ताण होता. बाईला आला की पित्त.

प्लास्टिकखाली

शाहीन मला वॉर्डात भेटायला आली ती डिस्चार्जच्या आदल्या दुपारी. पिशवीतून लॅमिनेशन काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"ये तुम्हारा पेन है ना?"

माझाच होता. प्रत्येक ओळीपुढं हिरवी खूण, शेवटच्या खुणेची शेपटी लांब, कारण ती करताना मी हसत होते. मी नखानं ती खरवडून बघितली. प्लास्टिकखाली होती, कशी निघणार.

मी म्हटलं, मी दवाखान्याविरुद्ध लिहीन, लॅबविरुद्ध लिहीन, मोर्चा काढू.

"लिखो ना," ती म्हणाली. "उसमें तुम्हारा नाम बी डालो." रागानं नाही म्हणाली. शाळेत मुलांना गृहपाठ सांगावा तसं सांगितलं. जाताना लॅमिनेशन माझ्याकडंच ठेवून गेली.

तर हे घ्या. माझं नाव शीतल. मी न शिकता हिरव्या खुणा केल्या, पुरुषाचं चित्र छापलं आणि एका बाईला पास केलं.

बरी झाल्यावर मी लॅबमध्ये गेले. मालक चहा पाजत म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअरमध्ये तसंच आहे, आमच्या हातात काही नाही." मी त्याच्या समोरचं लेटरहेड उचललं. शहराचं नाव बदललं तेव्हा यानं आठवड्यात नवं लेटरहेड छापून घेतलं होतं, गेरूच्या रंगात, ठळक. म्हणजे बदलता येतं. मी तेवढं म्हटलं आणि चहा न पिता उठले. ती रेघ हे लिहीपर्यंत बदललेली नाही.

मग मी शिबिरातल्या बायकांच्या दारोदार गेले. जिने टाळत, सावलीत थांबत, शाहीन सोबत. रिपोर्ट परत मागितले. बऱ्याच जणींनी तो लॅमिनेट करून देवघराजवळ नाहीतर टीव्हीमागं ठेवला होता. एक जण म्हणाली, "आता कशाला घाबरवता ताई, तुमीच तर पास केलं होतं." तिच्या प्लास्टिकवर माझा लाल पेन उमटेना. मी त्यावर चिठ्ठी चिकटवली आणि तिला डॉक्टरकडं घेऊन गेले. अजून सगळ्या जणी झालेल्या नाहीत. मी थकते.

म्हणून उरलेलं काम तुमचं.

हा कागद खाली ठेवा आणि घरातल्या बाईचा रिपोर्ट काढा. आई, बायको, बहीण, सासू, स्वतःचा. हिमोग्लोबिनच्या ओळीवर बोट ठेवा, तिथं दोन रेघा दिसतील. मग बोट खाली न्या, चांगल्या कोलेस्टेरॉलवर, ट्रोपोनिन केलं असेल तर त्यावर. तिथं एकच रेघ असली तर लॅबला फोन लावा आणि विचारा, बायकांची रेघ कुठं आहे. सॉफ्टवेअर म्हणाले तर पुन्हा विचारा. तो कागद हिरव्या खुणेसकट डॉक्टरला दाखवा, माझ्यासारखीला नाही. माझं जुनं पत्रक घरात असेल तर फाडून टाका.

आणि कधी एखादी बाई पाठ, जबडा, मळमळ, दम, काही म्हणत कॅज्युअल्टीच्या खुर्चीत बसली असेल, आणि सगळे म्हणत असतील चला, नॉर्मल आहे, गाडी नो पार्किंगला आहे, तर तिच्या खांद्यावर हात ठेवा. दुसरं रक्त घेतल्याशिवाय तिला उठू देऊ नका.